बिनतारी संदेशवहन : प्रेषणशक्ती व आकाशक यांची निवड

बिनतारी संदेश दूरवर पोहोचविण्याचे मूलतः दोन मार्ग आहेत. एक, प्रेषकातून (संदेश पाठविणाऱ्या यंत्रणेतून) अधिक विद्युत् शक्ती बाहेर टाकणे; आणि दोन, आकाशकाच्या (अँटेनाच्या) रचनेने उपलब्ध शक्ती हव्या त्या दिशेत एकवटणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनतारी विद्येचा उदय झाल्यापासून या दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा हा प्रश्न अभियंत्यांपुढे पुनःपुन्हा उभा राहिला. साम्राज्यव्यापी तारायंत्र सेवा उभारताना तो जसा निर्णायक ठरला, तसाच तो आज गावाच्या चौकात किंवा पाण्याच्या टाकीवर बसविलेल्या वायफायच्या ॲक्सेस पॉइंटबाबतही निर्णायक ठरतो. या प्रश्नाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शक्तीवरील भिस्त कमी होत जाऊन दिशेचे महत्त्व पटत जाण्याचा इतिहास आहे.

प्रारंभीचे प्रयोग : हाइन्रिख हर्ट्‌झ (१८५७–९४) या जर्मन भौतिकीविज्ञांनी विद्युत् चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. १८८८ मधील आपल्या प्रयोगांत त्यांनी सु. ६६ सेंमी. तरंगलांबीचे तरंग वापरले व ते एकत्रित करण्यासाठी जस्ताच्या पत्र्याचे सु. २ मी. उंचीचे अन्वस्तीय (पॅराबोलाच्या आकाराचे) परावर्तक बनविले. एक परावर्तक प्रेषकामागे व दुसरा ग्राहीमागे (संदेश घेणाऱ्या यंत्रणेमागे) ठेवल्यावर तरंग ओळखता येण्याचे अंतर पुष्कळच वाढले. तारांच्या जाळीने त्यांनी तरंगांचे ध्रुवणही (तरंगांतील विद्युत् क्षेत्र ठराविक प्रतलातच कंप पावते हा गुणधर्म) दाखवून दिले. जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांनी १८९५ पासून कलकत्त्यात मिलिमीटर तरंगांवर प्रयोग केले. त्यांत त्यांनी नरसाळ्याच्या आकाराचे आकाशक वापरले. यावरून असे दिसते की, दिशिक आकाशकाची कल्पना बिनतारी विद्येच्या जन्माबरोबरच आलेली होती.

गूल्येल्मो मार्कोनी (१८७४–१९३७) यांनीही १८९६ मध्ये इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या मैदानावर प्रथम परावर्तकच वापरले. परंतु उंच उभारलेली तार व जमिनीशी केलेली जोडणी यांच्या साहाय्याने लांब तरंग वापरले असता संदेश कितीतरी दूर जातो, असे त्यांना आढळून आले. लांब तरंगांसाठी परावर्तक बनवावयाचा तर तो डोंगराएवढा व्हावा लागला असता. त्यामुळे दिशिक आकाशक मागे पडला आणि पुढील सु. पाव शतक ‘अधिक शक्ती व अधिक लांब तरंग’ हेच सूत्र रूढ झाले.

शक्तीचे युग : १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्डू येथून निघालेला संकेत न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्झ येथे सु. ३,४०० किमी. अंतरावर पतंगाला बांधलेल्या तारेच्या साहाय्याने ऐकू आल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. त्या काळच्या मानाने पोल्डूचा प्रेषक प्रचंड होता. परंतु त्याची शक्ती सर्व दिशांना विखुरली जात होती. दिवसाच्या वेळी त्या तरंगलांबीचा संकेत एवढ्या अंतरावर खरोखरच ऐकू आला असेल काय, याविषयी नंतरच्या तज्ञांनी शंकाही व्यक्त केली आहे. या प्रयोगानंतर प्रेषकांचा आकार वाढतच गेला. १९२६ मध्ये सुरू झालेल्या रग्बी येथील ब्रिटिश टपाल खात्याच्या केंद्राचे आकाशक सु. २५० मी. उंचीच्या १२ मनोऱ्यांवर ताणलेले होते. ते १६ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) चाले. म्हणजे त्याच्या तरंगांची लांबी जवळजवळ १९ किमी. होती व प्रेषणशक्ती शेकडो किलोवॉटमध्ये मोजावी लागे.

ब्रिटिश साम्राज्यातील देश बिनतारी यंत्रणेने जोडण्याची योजना १९१० नंतर विचारात होती. इंग्लंड, ईजिप्त, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान व सिंगापूर येथे दीर्घतरंगांची केंद्रे उभारून संदेश टप्प्याटप्प्याने पुढे पाठवावयाचा, असे तिचे मूळ स्वरूप होते. राजकीय वाद, पहिले महायुद्ध आणि प्रचंड खर्च यांमुळे ती रेंगाळली. दीर्घतरंगांनाच चिकटून राहण्यात एक मूलभूत अडचण होती : अंतर वाढताच शक्ती वाढवावी लागे, शक्ती वाढली की मनोरे व यंत्रे वाढत, आणि त्यांबरोबर खर्चही वाढे.

झोत पद्धतीचा उदय : या कोंडीतून मार्ग निघाला तो तज्ञांनी टाकाऊ मानलेल्या लघुतरंगांमुळे. सु. २०० मी. पेक्षा आखूड तरंग व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी समजून हौशी बिनतारीतज्ञांकडे सोडून देण्यात आले होते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी मंडळींचे सु. १ किवॉ. शक्तीचे संकेत स्कॉटलंडमध्ये ऐकले गेले आणि त्या समजुतीला धक्का बसला. दरम्यान मार्कोनी व त्यांचे सहकारी चार्ल्स सॅम्युएल फ्रँक्लिन यांनी १९१६ पासून आखूड तरंग आणि परावर्तक यांवरील संशोधन पुन्हा हाती घेतले होते. १९२३ मध्ये पोल्डू येथून ९७ मी. तरंगलांबीवर पाठविलेले संदेश ‘एलेत्रा’ या मार्कोनींच्या नौकेवर अटलांटिक महासागरात केप व्हर्द बेटांपर्यंत मिळत राहिले. प्रेषकाची शक्ती बरीच घटविल्यावरही ते वाचता येत होते. याहून आखूड तरंग दिवसाही दूरवर जातात, हे पुढील वर्षी सिद्ध झाले. हे तरंग आयनांबरावरून (वातावरणातील विद्युत् भारित थरांवरून) परावर्तित होऊन पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागापलीकडे उतरतात.

तरंग आखूड झाल्याने आकाशकाचे परिमाणही आटोक्यात आले. फ्रँक्लिन यांनी उभ्या तारांची एक रांग व तिच्यामागे परावर्तक तारांची दुसरी रांग अशी योजना केली. रांगेतील सर्व तारांतून एकाच कलेत प्रवाह सोडल्यास रांगेला काटकोनात असलेल्या दिशेत तरंग एकमेकांना साहाय्य करतात व इतर दिशांत एकमेकांना मारक ठरतात. रांग जितकी लांब, तितका झोत अरुंद. जुलै १९२४ मध्ये मार्कोनी कंपनी व ब्रिटिश टपाल खाते यांच्यात या ‘झोत’ पद्धतीची (बीम पद्धतीची) केंद्रे उभारण्याचा करार झाला. मिनिटाला १०० शब्द या वेगाने संदेश नेऊन दाखविल्याखेरीज केंद्रे स्वीकारावयाची नाहीत, अशी कडक अट त्यात होती. कॅनडाशी सेवा १९२६ मध्ये, तर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान यांच्याशी १९२७ मध्ये सुरू झाली.

खडकी व दौंड : हिंदुस्थानातील झोत केंद्रे पुणे परिसरात उभारण्यात आली. प्रेषक खडकी येथे व ग्राही दौंड येथे होता. इंग्लंडच्या बाजूला हीच कामे अनुक्रमे ग्रिम्झबी व स्केग्नेस येथील केंद्रे करीत. प्रेषक आणि ग्राही एकमेकांपासून दूर ठेवण्यामागे तांत्रिक कारण होते. जवळच्या प्रेषकाच्या गोंगाटात हजारो किलोमीटरांवरून आलेला क्षीण संकेत बुडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सु. २० किवॉ. शक्तीच्या प्रेषकांनी जे काम केले, त्यासाठी दीर्घतरंगांच्या योजनेत याच्या अनेक पट शक्ती व मधली केंद्रे लागली असती. समुद्री तारांच्या तुलनेत झोत सेवेचे दर कमी असल्याने तारा कंपन्यांचा धंदा इतका ओसरला की, १९२८ मध्ये लंडन येथे खास परिषद भरवावी लागली व पुढील वर्षी तारा आणि बिनतारी या दोन्ही सेवा एका कंपनीच्या छत्राखाली आणण्यात आल्या. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये असेच एकत्रीकरण होऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी स्थापन झाली; १९४७ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण होऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस ही सरकारी यंत्रणा आणि १९८६ मध्ये विदेश संचार निगम अस्तित्वात आला. अशा रीतीने शक्तीऐवजी दिशेची केलेली निवड ही केवळ तांत्रिक सुधारणा न राहता तिने दळणवळणाचे अर्थकारणच बदलून टाकले.

गणिताची बैठक : जपानमध्ये शिंतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ च्या सुमारास एकाच दांड्यावर अनेक धातूच्या कांड्या बसवून सुटसुटीत दिशिक आकाशक तयार केला, दूरचित्रवाणीच्या घराघरांवरील आकाशकांमुळे तो सर्वपरिचित झाला. दुसऱ्या महायुद्धातील रडारमुळे सूक्ष्मतरंगांचे आकाशक परिपक्व झाले. १९४६ मध्ये हॅरल्ड टी. फ्रीस यांनी प्रेषित व गृहीत शक्ती यांतील संबंध एका साध्या सूत्रात मांडला. या सूत्रानुसार मोकळ्या अवकाशात गृहीत शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. व्यवहारात ही सर्व मूल्ये डेसिबेलमध्ये मांडतात, कारण मग गुणाकाराऐवजी बेरीज पुरते. अंतर दुप्पट झाल्यास ६ डेसिबेल हानी होते, तर शक्ती दुप्पट केल्यास केवळ ३ डेसिबेल लाभ होतो. म्हणजेच पल्ला दुप्पट करण्यासाठी शक्ती चौपट करावी लागते. याउलट आकाशकाचा लाभ प्रेषण व ग्रहण या दोन्ही वेळी मिळतो. प्रेषणशक्तीला मात्र ऐकण्यात काडीचाही वाटा नसतो. निवडीच्या प्रश्नाचे मर्म या एका भेदात आहे.

परवानामुक्त पट्टे : सूक्ष्मतरंग भट्टी, वैद्यकीय उपकरणे इत्यादींसाठी राखलेल्या कंप्रता पट्ट्यांत विस्तारित वर्णपट पद्धतीने संदेशवहन करण्यास अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये परवान्याविना मुभा दिली व प्रेषणशक्तीची मर्यादा १ वॉट ठेवली. यातूनच १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक व पुढे वायफाय हे व्यापारी नाव आले. नंतरच्या नियमांत केवळ प्रेषकाची शक्ती न पाहता आकाशकाच्या लाभासह प्रत्यक्ष झोतात जाणारी शक्ती पाहिली जाऊ लागली. तिला परिणामी प्रारित शक्ती म्हणतात. यूरोपात २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात ती १०० मिलिवॉटपुरती सीमित आहे. भारतात २००५ च्या अधिसूचनेने या पट्ट्यातील वापर परवान्यातून मुक्त झाला व परिणामी प्रारित शक्तीची मर्यादा ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम (१ मिलिवॉटच्या संदर्भात मोजलेले डेसिबेल), ठरविण्यात आली. ५ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यांतील घराबाहेरील वापर २०१८ मध्ये मोकळा झाला.

या मर्यादेमुळे निवडीचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. दोन ठिकाणांमधील १० किमी. अंतराची जोडणी उदाहरणादाखल घेता येईल. २.४ गिगॅहर्ट्‌झला १ किमी.मध्ये सु. १०० व १० किमी.मध्ये सु. १२० डेसिबेल हानी होते. दोन्ही टोकांस २४ डेसिबेल लाभाचे जाळीदार अन्वस्तीय आकाशक बसविल्यास व प्रेषणशक्ती अवघी १२ डीबीएम, म्हणजे सु. १६ मिलिवॉट, ठेवल्यास मर्यादा पाळली जाऊनही ग्राहीला -६० डीबीएम संकेत मिळतो. तो जलद गतीच्या जोडणीस पुरेसा असतो. याउलट दोन्ही टोकांस लाभरहित आकाशक असतील, तर १ वॉट शक्ती वापरूनही -९० डीबीएम एवढाच संकेत मिळतो व जोडणी जेमतेम टिकते अथवा टिकत नाही. साठपट शक्तीलाही जे साधत नाही, ते चांगल्या आकाशकांच्या जोडीने साधते.

उघड्यावरील केंद्राच्या अडचणी : चौक, बाजार, बसस्थानक अशा ठिकाणी अनेक लोकांच्या भ्रमणध्वनींना सेवा द्यावयाची असते, तेव्हा दुसऱ्या टोकाचा आकाशक निवडणे हाती नसते. भ्रमणध्वनीची प्रेषणशक्ती सामान्यतः १५ डीबीएमच्या आसपास असते. ॲक्सेस पॉइंटची शक्ती ३० डीबीएम ठेवल्यास त्याचा संकेत मोकळ्या जागेत भ्रमणध्वनीच्या संकेताच्या पाचपटींहून अधिक अंतरावर पोहोचतो. परिणामी दूर उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर पूर्ण संकेत दिसतो, परंतु त्याचे उत्तर केंद्राला ऐकू येत नाही व जोडणी होत नाही. म्हणून अशा ठिकाणी प्रेषणशक्ती ग्राहकाच्या उपकरणाच्या शक्तीशी मिळतीजुळती ठेवणे व पल्ला आकाशकाच्या लाभाने वाढविणे श्रेयस्कर ठरते.

आकाशकाचा लाभ म्हणजे नवी शक्ती नव्हे. एका दिशेतून काढून ती दुसरीकडे दिलेली असते. सर्वदिशिक आकाशकाचा लाभ वाढविला की त्याचा झोत चकतीसारखा चपटा होतो. १२ डेसिबेल लाभाच्या अशा आकाशकाचा उभा कोन सु. ७° असतो. तो ३० मी. उंच मनोऱ्यावर बसविल्यास १०० मी.वर उभा असलेला माणूस क्षितिजाखाली सु. १७° कोनात येतो व झोताबाहेर पडतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यासाठी ६०° ते १२०° रुंदीचे खंडदर्शी आकाशक किंचित खाली झुकवून बसवितात किंवा केंद्राची उंचीच कमी ठेवतात.

लांब पल्ल्याच्या जोडणीत केवळ समोरचे ठिकाण दिसणे पुरेसे नसते. दोन टोकांमधील लंबगोलाकार भाग, म्हणजे फ्रेनेल विभाग, बव्हंशी मोकळा असावा लागतो. १० किमी.च्या जोडणीत मध्यावर त्याची त्रिज्या सु. १८ मी. असते, शिवाय पृथ्वीच्या वक्रतेसाठी दीड मीटर सोडावा लागतो. झाडांच्या पानांतील पाणी हे तरंग शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात निष्पर्ण झाडांमधून चाललेली जोडणी पावसाळ्यात खंडित होऊ शकते. दोन्ही टोकांच्या आकाशकांचे ध्रुवण न जुळल्यास २० डेसिबेल किंवा अधिक हानी होते. बारीक समाक्ष केबलीत २.४ गिगॅहर्ट्‌झला दर मीटरला सु. १ डेसिबेल हानी होत असल्याने १० मी. केबलीत नऊ दशांश शक्ती नष्ट होते. म्हणून प्रेषक खाली ठेवून तार वर नेण्याऐवजी प्रेषकच खांबावर नेण्याची व त्याला माहितीच्या केबलीतूनच वीज पुरविण्याची पद्धत रूढ झाली.

ग्रामीण प्रयोग : घरातील वापरासाठी बनविलेल्या स्वस्त वायफाय उपकरणांना दिशिक आकाशक जोडून खेडी जोडण्याचा प्रयोग कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने २००२ नंतर गंगेच्या मैदानात ‘डिजिटल गॅंजेटिक प्लेन्स’ या नावाने केला. सपाट प्रदेशात दृष्टिरेषा मिळविण्यासाठी उंच मनोरे उभारून ३० किमी.हून अधिक लांबीच्या जोडण्या साधण्यात आल्या. येथे अडचण शक्तीची नव्हती, काळाची होती. प्रकाशवेगाने जाणाऱ्या तरंगास दर किमी.ला सु. ३.३ मायक्रोसेकंद लागतात आणि पोच मिळण्यासाठी मानकात धरलेला अवधी काही शे मीटर अंतराच्या हिशोबाने ठरविलेला होता. त्यामुळे दूरच्या जोडणीत पोच येण्यापूर्वीच संदेश पुन्हा पाठविला जाई. म्हणून ठराविक काळ पाठवावयाचे व ठराविक काळ ऐकावयाचे अशी नवी शिस्त संशोधकांनी घालून दिली. तमिळनाडूतील थेनी भागात अरविंद नेत्र रुग्णालय व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी अशाच जोडण्यांनी गावांतील दृष्टिकेंद्रे रुग्णालयाशी जोडली. रुग्णाला गाव न सोडता नेत्रतज्ञाचा सल्ला मिळू लागला. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी पर्वतशिखरांचा उपयोग करून २००६ मध्ये २७९ किमी. व २००७ मध्ये ३८२ किमी. अंतराची जोडणी करून दाखविली. तीत मोठे परावर्तक व निर्वेध दृष्टिरेषा यांचा वाटा मुख्य होता.

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पातून सध्याच्या पालघर जिल्ह्यातील गावांत प्रयोग केले. डोंगराळ व झाडीच्या प्रदेशात दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या परंतु न वापरलेल्या पट्ट्यातील लांब तरंग अडथळ्यांना अधिक चांगले वळसे घालतात, या तत्त्वावर प्रथम सात गावे जोडण्यात आली. पुढे परवानामुक्त ५.८ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील दिशिक जोडण्यांनी हे काम २५ गावांपर्यंत वाढविण्यात आले. पहिल्या टप्प्यात तरंगलांबीने जे दिले, ते दुसऱ्या टप्प्यात मनोऱ्याची उंची व आकाशकाची दिशा यांनी मिळवावे लागले.

मूल्यमापन : परवानामुक्त पट्टा हा गावच्या सामाईक पाणवठ्यासारखा असतो. तेथे प्रत्येकाने शक्ती वाढविली तर कोणाचाच संदेश स्पष्ट ऐकू येत नाही. वायफायची उपकरणे तर बोलण्यापूर्वी ऐकतात, त्यामुळे एका मोठ्या आवाजाच्या केंद्रामुळे आसपासची अनेक केंद्रे गप्प बसतात. त्याचा तोटा सर्वप्रथम लहान शक्तीच्या, स्वस्त उपकरणधारकांना होतो. दिशिक आकाशक मात्र दुहेरी उपकार करतो : आपला संदेश हव्या ठिकाणी नेतो व इतरांच्या वाटेत येत नाही, शिवाय इतर दिशांचा गोंगाटही ग्राहीपर्यंत येऊ देत नाही. म्हणून आधी जागा व उंची, नंतर आकाशक, त्यानंतर केबल आणि सर्वांत शेवटी आवश्यक तेवढीच शक्ती असा निवडीचा क्रम अनुभवाने ठरला आहे. हर्ट्‌झ यांच्या जस्ताच्या परावर्तकापासून खडकीच्या तारांच्या रांगांपर्यंत आणि तेथून गावाच्या टाकीवरील लहानशा पेटीपर्यंत साधने बदलली, तरी हा क्रम बदललेला नाही.